श्रम, शक्ती आणि घरातील प्रत्येकाचे अन्न

दुभत्या म्हशीला किती खुराक द्यावा, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तिच्या शरीराच्या पोषणासाठी लागणारा चारा व खुराक वेगळा आणि दुधासाठी द्यावयाचा खुराक वेगळा, हा हिशेब त्यास अनुभवाने ठाऊक असतो. दर लिटर दुधामागे सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आंबोण वाढवावे, असे पशुसंवर्धनाचे जाणकार सांगतात व पुष्कळ शेतकरी ते पाळतातही. नांगरणीच्या दिवसांत बैलास पेंड वाढवून दिली जाते. गाभण गाईस शेवटच्या दोन महिन्यांत अधिक खुराक दिला जातो. काम, दूध आणि वाढ यांसाठी जादा अन्न लागते, हे तत्त्व गोठ्यात इतके सर्वमान्य असताना स्वयंपाकघरात मात्र त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. तेथे पोट भरले म्हणजे शरीराची गरज भागली, असे धरून चालण्याची रीत आहे. पोट भरणे व शरीराची गरज भागणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या कशा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

अन्न हे शरीराचे इंधन

आपण खातो ते अन्न शरीरात सावकाश जळते. चुलीतील लाकडाप्रमाणे त्यातून ज्वाळा निघत नाहीत, परंतु दोहोंची क्रिया मुळात एकच आहे. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूशी अन्नातील घटकांचा संयोग होतो, उष्णता व शक्ती निर्माण होते आणि कर्बवायू बाहेर टाकला जातो. लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले. प्राण्याचे श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या अन्नघटकांपासून शरीरास किती शक्ती मिळते याचे मोजमाप केले. तेच कोष्टक थोड्याफार फरकाने आजही वापरले जाते.

ही शक्ती उष्मांकांत मोजतात. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास जितकी उष्णता लागते तितकी म्हणजे १ उष्मांक. शास्त्रीय ग्रंथांत यासच किलोकॅलरी म्हणतात. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा साखरेपासून सुमारे ४ उष्मांक, १ ग्रॅम प्रथिनापासून सुमारे ४ आणि १ ग्रॅम तेलातुपापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. शेतात कष्टाचे काम करणाऱ्या माणसास दिवसास २७०० उष्मांक लागतात असे म्हटले, तर त्याचा अर्थ असा की, जेवढ्या उष्णतेने ३६ लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल, तेवढी शक्ती त्याचे शरीर रोज खर्च करते.

आपल्या देशात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे मॅक्कॅरिसन यांनी सुरू केला. तेथील प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था होय. भारतीय खाद्यपदार्थांची पहिली कोष्टके याच संस्थेच्या पूर्वावतारातून १९३७ मध्ये प्रसिद्ध झाली व त्यांची नवी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. पुढे दिलेले गरजेचे आकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व ही संस्था यांनी २०२० मध्ये ठरविलेले आहेत.

शक्ती कोठे खर्च होते

माणूस अंथरुणावर स्वस्थ पडून राहिला तरी हृदय चालतेच, श्वास चालतोच, मेंदू, यकृत व मूत्रपिंडे आपले काम करीतच असतात आणि शरीर उबदार राखावे लागतेच. ६५ किलो वजनाच्या पुरुषास या मूळ खर्चासाठीच दिवसास सुमारे १५०० उष्मांक लागतात. बसून काम करणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ७० टक्के भाग असा नकळतच जातो. यावर श्रमाचा खर्च चढतो. सपाटीवर चालताना स्वस्थ पडून राहण्याच्या सुमारे तिप्पट आणि कुदळीने खणताना पाच ते सहापट शक्ती खर्च होते. विहिरीवरून पाणी आणणे हे घरकाम समजले जाते, पण त्याचा खर्च चालण्याहून अधिक असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे ‘घरात बसून असते’ या शब्दांना किती अर्थ उरतो, ते वाचकांनीच ठरवावे.

६५ किलो वजनाच्या पुरुषास बैठ्या कामासाठी २११०, मध्यम श्रमासाठी २७१० व फार कष्टाच्या कामासाठी ३४७० उष्मांक दररोज लागतात. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस हेच प्रमाण १६६०, २१३० व २७२० असे आहे. शरीर लहान असेल तर गरज त्या मानाने थोडी कमी होते. स्त्री गर्भवती असेल तर यात ३५० उष्मांकांची भर पडते. अंगावर पिणारे मूल असेल तर पहिल्या सहा महिन्यांत ६०० व पुढील सहा महिन्यांत ५२० उष्मांकांची भर पडते.

या आकड्यांची बेरीज एकदा स्वतः करून पाहावी. दिवसभर खुरपणी करून घरी येणारी व अंगावर चार महिन्यांचे मूल असलेली स्त्री हिची गरज २१३० अधिक ६००, म्हणजे २७३० उष्मांक होते. तिच्याच बरोबर शेतात मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या तिच्या पतीची गरज २७१० आहे. म्हणजे दोघांच्या ताटात सारखेच अन्न पडावयास हवे. प्रत्यक्षात काय घडते, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल असे एक कुटुंब घेऊ. कर्ता पुरुष, त्याची पत्नी, पाच वर्षांची मुलगी, वृद्ध आई आणि चार महिन्यांचे तान्हे बाळ. बाळाचे अन्न आईच्या दुधातून, म्हणजे आईच्या ताटातूनच जाते. पुरुषास २७१०, पत्नीस २७३०, मुलीस १३६० व आजीस १५०० मिळून घराची रोजची गरज ८३०० उष्मांक झाली.

आता शिधा पाहू. ज्वारी, तांदूळ व गहू मिळून दीड किलो धान्य, २०० ग्रॅम डाळ, ८० ग्रॅम तेल, तेवढीच साखर व गूळ, ३०० मिलिलिटर दूध आणि अर्धा किलो भाजी असा शिधा रोज शिजतो असे धरू. धान्याच्या १०० ग्रॅमपासून सुमारे ३४० उष्मांक मिळतात. त्याप्रमाणे धान्याचे ५१००, डाळीचे ६६०, तेलाचे ७२०, साखर-गुळाचे ३००, दुधाचे २५० व भाजीचे २०० धरले, तर एकूण ७२३० होतात. तूट १०७० उष्मांकांची आहे. एवढी तूट कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. दोन वेळा चूल पेटते, टोपल्यात भाकरी असते, कोणी उपाशी उठत नाही.

ही तूट चौघांत सारखी वाटली गेली असती तर एक वेळ चालले असते. पण पुरुष आधी जेवतो, मुलीस व आजीस पोटभर वाढले जाते, आणि घरची स्त्री शेवटी बसते. पहिल्या तिघांच्या गरजा भागल्यावर तिच्या वाट्यास १६६० उष्मांक उरतात. वर दिलेल्या आकड्यांत पाहिले तर असे दिसेल की, बैठे काम करणाऱ्या व अंगावर मूल नसलेल्या स्त्रीस पुरेल एवढेच हे अन्न आहे. खुरपणीचे श्रम आणि बाळाचे दूध यांसाठी तिच्या ताटात काहीच उरलेले नाही. सारी तूट एकाच ताटात येऊन पडते ती अशी.

मग ती शक्ती येते कोठून? प्रथम शरीरातील चरबीचा साठा खर्ची पडतो. तो संपत आला म्हणजे स्नायू झिजू लागतात. शरीर काटकसरही करू लागते. हालचाल मंदावते, काम उरकत नाही, बसले की उठवत नाही. अशा स्त्रीस किंवा अशा मजुरास आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. इंजिनात तेल कमी पडले म्हणजे आपण इंजिनास दोष देत नाही.

ही तूट भरून काढणे फार खर्चाचे नाही. वरील घरात रोज १०० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तेल, ३० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम पीठ एवढी भर पडली तर सुमारे १०८० उष्मांक वाढतात. मात्र ही भर त्या स्त्रीच्याच ताटात गेली पाहिजे. ती सर्वांत वाटली गेली तर हिशेब पुन्हा होता तेथेच येतो. सर्वांनी एकत्र जेवावयास बसणे, अथवा बाळंतिणीचा वाटा आधी काढून ठेवणे, यास पैसा लागत नाही.

आपल्या जुन्या चालीरीतींत या गरजेची जाण नव्हती असे नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, खसखस, खोबरे व तूप हे बाळंतिणीचे पदार्थ थोड्या आकारात पुष्कळ शक्ती देणारे आहेत. दोष एवढाच की, हे कौतुक सव्वा महिन्याने संपते आणि बाळ दूध पीत राहते. बाळाची वाढ होते तशी दुधाची मागणी सहा महिन्यांपर्यंत वाढतच जाते. नेमकी त्याच वेळी बाई पुन्हा शेतावर जाऊ लागते व तिचे लाडू बंद झालेले असतात. दुसरी एक समजूत मात्र सर्वस्वी घातक आहे. पोटातील मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून गर्भवतीने कमी खावे, असे काही घरांत अजूनही सांगितले जाते. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही. मूल कमी वजनाचे व अशक्त जन्मते आणि आईचे रक्त कमी होते.

प्रथिने आणि शक्ती

शक्तीच्या जोडीस शरीराची बांधणी व डागडुजी यांसाठी प्रथिने लागतात. पुरुषास दिवसास सुमारे ५४ ग्रॅम व स्त्रीस ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम, तूरडाळीत २१ ते २२ ग्रॅम व शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत जो एक घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो. म्हणून भाकरीबरोबर पिठले, आमटी किंवा उसळ खाण्याची आपली पद्धत शास्त्रास धरूनच आहे.

परंतु येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शक्तीच कमी पडत असेल तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. चुलीस सरपण नाही म्हणून घराची तुळई फोडून जाळावी, तसा हा प्रकार होतो. डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हाच मुद्दा आग्रहाने मांडला होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत काम करीत होते. भारतात दिसते ती प्रथिनांची उणीव बव्हंशी मुळात एकूण अन्नाचीच उणीव आहे, धान्य व डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रथिनांची महागडी पूड विकत आणण्यापूर्वी भाकरी व डाळ पुरेशी आहे ना, हे पाहावे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातील दारिद्र्याचे मोजमाप केले तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांक हाच दंडक धरला होता.

आज स्वस्त धान्य दुकानातून प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. दिवसास ते सुमारे १६५ ग्रॅम पडते व त्यातून ५५० च्या आसपास उष्मांक मिळतात. हा आधार मोठा आहे. पण त्यात डाळ नाही व तेलही नाही. ती बाजू शेतातून, बांधावरून किंवा बाजारातून सांभाळावी लागते. आंतरपीक म्हणून तूर, उडीद, कारळे वा जवस यांच्या चार ओळी घराच्या शिध्यासाठी राखल्या तर आहारात फार फरक पडतो. सगळेच बाजारात नेऊन तेथून तेलाची पिशवी व पाकीटबंद खाऊ आणण्यात शहाणपण नाही.

लहान मुलांचे पोट लहान

एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसास सुमारे १०१० उष्मांक लागतात, म्हणजे बापाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक. परंतु १० किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी ३०० ग्रॅमच्या आसपासच अन्न मावते. या दोन गोष्टींचा मेळ घालावयाचा हाच बालकांच्या आहारातील खरा प्रश्न आहे.

दीड वर्षाच्या मुलाच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग आईच्या दुधाने भागतो असे धरले, तरी पावणेसातशे उष्मांक बाहेरच्या अन्नातून मिळाले पाहिजेत. पातळ पेजेच्या एका वाटीत १५ ते २० ग्रॅम पीठ असते व त्यापासून ५० ते ७० उष्मांक मिळतात. म्हणजे मुलास दहाहून अधिक वाट्या पाजाव्या लागतील. ते अशक्य आहे. दोन वाट्यांतच त्याचे पोट तट्ट फुगते, ते तोंड फिरवते आणि ‘पोर खातच नाही’ अशी तक्रार सुरू होते. पोर खाते, पण त्याच्या पोटात पाणी जाते.

याउलट वाटीत ४० ग्रॅम पीठ शिजवून त्यात चमचाभर तेल किंवा तूप, दोन चमचे शेंगदाण्यांचे बारीक कूट व थोडा गूळ घातला तर त्याच वाटीतून सुमारे २५० उष्मांक मिळतात. अशा तीन वाट्या दिवसभरात विभागून दिल्या की गरज भागली. मऊ भात व घट्ट वरण यांवर तेलाची धार सोडली तरी तोच परिणाम होतो. अख्खा शेंगदाणा मात्र लहान मुलास कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

पीठ वाढविले की पेज घट्ट गोळा होते व मुलास गिळता येत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर आपल्याकडील नाचणीचे सत्त्व हा उत्तम तोडगा आहे. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवावी, मोड आले की वाळवावी व दळावी. मोड येताना धान्यात असे एक द्रव्य तयार होते की जे पिष्टाचे लांब धागे तोडते. घट्ट पेज किंचित निवल्यावर त्यात या पिठाचा एक चमचा मिसळून काही मिनिटे ठेवली तर ती पाणी न घालताही पातळ होते. मग पुन्हा एक उकळी आणून मुलास द्यावी. हे पीठ फार भाजू नये, कारण जास्त उष्णतेने त्यातील हा गुण जातो. या कामी ज्वारीचे मोड वापरू नयेत. कोवळ्या ज्वारीने जनावरांस विषबाधा होते हे शेतकऱ्यांस ठाऊक आहेच. ते विष मोडांतही असते.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये. त्यानंतर वरचे अन्न सुरू करण्यास उशीर लावू नये व दोन वर्षांपर्यंत अंगावरचे दूधही चालू ठेवावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. हे खुजेपण बहुतांशी आईच्या पोटात व पहिल्या दोन वर्षांतच ठरून जाते. पुढे कितीही खाऊ घातले तरी गमावलेली उंची पुरती भरून येत नाही.

रक्त आणि चहा

त्याच पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी असल्याची लक्षणे, म्हणजे पांडुरोग, आढळून आला. स्त्रीस दिवसास २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषास १९. बाजरी, पालेभाज्या, कडधान्ये व अळीव यांत लोह असते, पण ते अंगी कमी लागते. जेवणात लिंबू, आवळा, पेरू किंवा कच्चा कोबी असेल तर ते अधिक लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहास अडवितो. शेतावर भाकरीऐवजी चहावर दुपार काढण्याची जी सवय वाढली आहे तिने दुहेरी नुकसान होते. साखरेने भूक मरते, अन्न कमी जाते आणि जे जाते त्यातील लोहही अंगी लागत नाही. चहा जेवणाच्या आधी वा नंतर तासाभराने घ्यावा. गर्भवतीने आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, त्यांचे काम केवळ आहाराने भागत नाही.

कमी काम, जास्त अन्न

शेतीत ट्रॅक्टर, विजेचे पंप व मळणीयंत्रे आली. त्यामुळे काही घरांत पुरुषांचे श्रम पुष्कळ घटले, जेवण मात्र औताच्या दिवसांतलेच राहिले. कष्टाचे काम सोडून बैठे काम करू लागलेल्या माणसाची गरज ३४७० वरून २११० वर येते. उरलेले सारे अन्न चरबी होऊन साठते, आणि मधुमेह व रक्तदाब यांची वाट मोकळी होते. महाराष्ट्रात पाचांपैकी एक स्त्री अति कृश आणि पाचांपैकी एकीहून अधिक स्त्रिया स्थूल, असे २०१९-२१ च्या पाहणीत दिसले. एकाच गावात, कधी कधी एकाच घरात ही दोन्ही टोके आढळतात.

मोजमाप कसे करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस घरोघरी उष्मांक मोजता येणार नाहीत व तशी गरजही नाही. वजनकाटा हाच पुरेसा साक्षीदार आहे. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ४२ किलोहून कमी असेल तर तिचे अन्न कमी पडत आहे असे समजावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरहून कमी असल्यास अंगणवाडी सेविकेस कळवावे. तो ११.५ हूनही कमी असेल तर एक दिवसही न थांबता आरोग्य केंद्रात न्यावे.

प्रौढांचे वजन मृग लागण्यापूर्वी एकदा व भाद्रपदात एकदा घ्यावे. पेरणी, लावणी व खुरपणी यांचे दिवस वर्षात सर्वांत कष्टाचे असतात आणि नेमक्या त्याच वेळी घरातील धान्य सरत आलेले असते. या तीन महिन्यांत ज्यांचे वजन दोन-तीन किलोंनी उतरले असेल, त्यांची नावे वहीत टिपून ठेवावीत. पुढील वर्षी सुगी होताच अशा घरांनी एक पोते ज्वारी, दहा किलो तूरडाळ व दहा किलो शेंगदाणे पावसाळ्यासाठी वेगळे काढून, कडक उन्हात वाळवून, झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरून ठेवावेत, व ही कोठी रोहिणी नक्षत्रापूर्वी उघडू नये.